बॉण्ड सुटला तो कडेला: एका काँक्रीट ओव्हरलेचं प्रकरण

काँक्रीटवरून साखळी ओढायला सुरुवात केली तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. थर खाली चिकटलेला असेल तिथे ती खणखणते, सुटला असेल तिथे बद्द वाजते. नवा थर टाकून अकरा दिवस झाले होते. पहिली पंचेचाळीस पॅनेल (दोन जॉइंटमधले, म्हणजे सांध्यांमधले, तुकडे) साखळी जवळजवळ सगळीकडे खणखणत गेली. शेहेचाळिसाव्या पॅनेलच्या जॉइंटपाशी आवाज एकदम बद्द झाला, हातभर पुढे गेल्यावर परत खणखणला, आणि पुढचा जॉइंट आला तसा पुन्हा बद्द. बरोबरचा पोरगा खडूने हद्दी आखत होता. त्यापुढची चाळीस पॅनेल संपेपर्यंत त्याचे तीन खडू संपले.

काम असं होतं. जुना काँक्रीट रस्ता, स्लॅबची जाडी २०० मिमी, आडवे जॉइंट दर ४.५ मीटरवर. जड वाहनं वाढली म्हणून त्यावर ७५ मिमीचा बॉण्डेड ओव्हरले, म्हणजे जुन्याला चिकटून राहणारा नवा थर, टाकायचा ठरला होता. बाहेरच्या लेनची १२० पॅनेल तीन दिवसांत टाकून झाली: पहिल्या दिवशी ४५, दुसऱ्या दिवशी ४०, तिसऱ्या दिवशी ३५. मिक्स तेच, गँग तीच, तयारीची पद्धतही कागदावर तीच. बद्द आवाजाची पॅनेल मात्र पहिल्या दिवसाची ३, दुसऱ्या दिवसाची २९ आणि तिसऱ्या दिवसाची ५ निघाली.

असल्या ओव्हरलेचं सगळं गणित तो खालच्या स्लॅबला चिकटून राहण्यावर उभं असतं. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. दोन्ही थर एकजीव असतील तर जाडी २७५ मिमी, तिचा घन साधारण २.०८ कोटी. सुटे असतील तर २०० चा घन अधिक ७५ चा घन, म्हणजे ८४ लाखांच्या आसपास. बॉण्ड गेला की साठ टक्के ताठपणा गेला. शिवाय चिकटलेला पातळ थर चाकाखाली बहुतांश दाबात असतो. सुटला की त्याच्या तळाला स्वतःचा ताण घ्यावा लागतो, आणि ७५ मिमीचा सुटा थर जड चाकापुढे फार दिवस टिकत नाही.

मला बोलावलं तोवर एका प्रयोगशाळेचा अहवाल होऊन गेला होता. सहा पुल-ऑफ चाचण्या घेतल्या होत्या: ओव्हरलेमधून जुन्या स्लॅबमध्ये थोडं आत जाईपर्यंत गोल खाच पाडायची, वर एपॉक्सीने लोखंडी चकती चिकटवायची आणि यंत्राने सरळ वर खेचायची. उत्तरं १.४ ते १.९ मेगापास्कल आली होती. १ मेगापास्कलच्या वर असेल तर साधारण कोणी तक्रार करत नाही. निष्कर्ष काढला होता की बॉण्ड पुरेसा आहे आणि बद्द आवाज वरवरचा आहे. उलट देखरेख करणाऱ्या सल्लागाराचं म्हणणं, पृष्ठभाग नीट साफ केला नव्हता. कंत्राटदाराच्या माणसांच्या मते जुना स्लॅबच कुजका. तिघांनाही खडूने आखलेला नकाशा कोणी दाखवला नव्हता, कारण तोपर्यंत तो झालाच नव्हता.

सहाही चाचण्या पॅनेलच्या मधोमध घेतल्या होत्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

यात त्या प्रयोगशाळेची फारशी चूक नाही. जॉइंटपासून लांब, मोकळ्या जागेत चाचणी घ्यायची हे सगळ्यांच्याच हाताला बसलेलं वळण आहे. पण आकुंचनाने बॉण्ड सुटायचा असेल तर पॅनेलच्या मध्याला विचारून काही कळत नाही, कारण तिथे बॉण्डला कामच नसतं. नवा थर आकसू पाहतो, खालचा जुना स्लॅब कित्येक वर्षांपूर्वी आकसून बसलेला, तो हलत नाही. मध्यभागी थराच्या प्रत्येक तुकड्याला डावीकडून जेवढी ओढ तेवढीच उजवीकडून, त्यामुळे थरात ताण असतो पण इंटरफेसवर, म्हणजे दोन थर भेटतात तिथे, सरक (एकावर एक सरकवू पाहणारा ताण) शून्य. कडेला ओढणारा शेजारी संपतो. थरात साठलेलं सगळं बळ तिथे, थराच्या जाडीच्या एक-दोन पट लांबीत, इंटरफेसवाटे खाली उतरवावं लागतं. आणि ते नुसतं आडवं नसतं. थराची ओढ त्याच्या अर्ध्या उंचीवर, त्याला धरून ठेवणारा बॉण्ड तळाला. या जोडीमुळे कड वर उचलली जाते. वाळत्या चिखलाच्या खपल्यांच्या कडा वर वळतात त्यामागे जवळपास हेच कारण. कोपऱ्यात दोन कडा एकत्र येतात, म्हणून तो सगळ्यात आधी सुटतो.

आता नकाशाकडे पाहा. दुसऱ्या दिवसाच्या पॅनेलमध्ये आडव्या जॉइंटच्या दोन्ही बाजूंना १५० ते २५० मिमी रुंदीचे पट्टे, बाहेरच्या मोकळ्या कडेला तसाच पट्टा, आणि कोपऱ्यात ३०० ते ४०० मिमी बाजूंचे त्रिकोण. मध्य बहुतेक पॅनेलमध्ये खणखणीत. सफाई खराब असती तर सुटलेल्या जागा ठिगळांसारख्या कुठेही पसरल्या असत्या. धुळीला जॉइंट कुठे आहे ते माहीत नसतं. मला तरी हा नकाशा पाहिल्यावर निम्मं उत्तर मिळालं होतं. उरलेलं निम्मं मिळायला दोन आठवडे आणि चौदा कोअर (यंत्राने कापून काढलेले गोल नमुने) लागले.

पट्ट्यातला पहिला कोअर यंत्रातून दोन तुकड्यांतच बाहेर आला. वरचा तुकडा पाण्याने धुऊन उलटा केला आणि उन्हात तिरपा धरला. तळावर जुन्या स्लॅबच्या शॉट ब्लास्टिंगचा (बारीक पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने केलेल्या सफाईचा) ठसा उमटला होता, मेणावर मोहोर उठावी इतका स्पष्ट; बारीक खड्डे, उघड्या पडलेल्या खडीच्या कडा, सगळं उलट्या रूपात. नखाने खरवडलं तर धूळ निघाली नाही. ठशाच्या उंच टोकांवर सिमेंट पेस्ट तुटल्याच्या पांढुरक्या ताज्या खुणा होत्या आणि दोन ठिकाणी जुन्या मॉर्टरचा पापुद्रा सोबत उपटून आला होता. न चिकटलेल्या थराचा तळ असा दिसत नाही. तो गुळगुळीत, भुरकट असतो, बोट फिरवलं की बोटाला लागतो. हा थर चिकटला होता आणि मग उपटला गेला होता.

म्हणून प्रश्न बदलला. चिकटला का नाही, हे विचारण्यात अर्थ उरला नाही. इतक्या लवकर इतकी ओढ आली कुठून, ते शोधायचं होतं.

साइटच्या वहीत नोंदी होत्या, हे नशीब. पहिल्या दिवशी पहाटे पाचला सुरुवात, दहाच्या आत काम पुरं. दुसऱ्या दिवशी प्लांटवरून माल यायला उशीर झाला आणि पहिली गाडी दुपारी बाराला रिकामी झाली, शेवटची चारला. हवेतलं बाष्पीभवन मोजायला मेंझेल यांनी १९५४ मध्ये मांडलेली पद्धत आहे, तिच्यावरून पॉल उनो यांनी १९९८ मध्ये सोपं सूत्र बांधलं. काँक्रीटचं तापमान, हवेचं तापमान, आर्द्रता आणि वारा टाकला की उत्तर येतं. पहिल्या दिवसाचे आकडे होते: काँक्रीट २७ अंश सेल्सिअस, हवा २४, आर्द्रता ६० टक्के, वारा ताशी ६ किलोमीटर. बाष्पीभवन दर चौरस मीटरला तासाला ०.३४ किलो. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ३१, हवा ३४, आर्द्रता २८ टक्के, वारा ताशी २४ किलोमीटर. उत्तर १.६ किलो. १ किलोच्या पुढे गेलं की प्लास्टिक आकुंचनाच्या, म्हणजे काँक्रीट घट्ट होण्याआधीच्या, भेगांचा धोका धरून चालतात. जाड स्लॅबला खालून वर येणाऱ्या पाण्याचा थोडा आधार असतो. ७५ मिमीच्या थरात मुळात पाणीच थोडं, आणि उघडा पृष्ठभाग तेवढाच.

क्युरिंग कंपाउंड (पाणी उडू नये म्हणून वर मारायचा लेप) एकच हात मारला होता, तोही फिनिशिंगनंतर तासाभराने, वाऱ्यात. पातळ ओव्हरलेला नेहमीच्या दुप्पट प्रमाण द्यावं हे या क्षेत्रात जुनंच ज्ञान आहे. पुढच्या सकाळी बाहेरच्या कडेचे फॉर्म (साचे) काढले आणि ७५ मिमीची उभी बाजू तशीच उघडी सोडली. त्यावर कंपाउंडचा थेंबही नव्हता. म्हणजे जिथे कड उचलली जाणार, नेमका तोच भाग दोन बाजूंनी वाळत होता. प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्या दिवसाची उभी बाजूही कोणी मारली नव्हती, आणि तिथे फारसं काही बिघडलं नाही. म्हणून एकट्या या चुकीवर मी फार भार टाकला नाही.

जास्त भार तापमानावर होता. दुपारी जुन्या स्लॅबचा पृष्ठभाग ४४ अंशांवर होता. त्यावर तासाभरापूर्वी पाणी मारलं होतं, माल येईपर्यंत ते उडून गेलं. थर तापल्या तव्यावर पडला आणि हायड्रेशनची, म्हणजे सिमेंट-पाण्याच्या रासायनिक क्रियेची, स्वतःची उष्णता त्यात मिसळली. त्या रात्रीच्या शेवटापर्यंत ओव्हरले ४६ वरून २१ अंशांवर आला, म्हणजे २५ अंश. खालचा २०० मिमीचा स्लॅब सरासरी ९ अंशच निवला. फरक १६ अंश. काँक्रीटचा प्रसरणांक अंशाला १० मायक्रोस्ट्रेन (लांबीचा दहा लाखावा भाग म्हणजे एक) धरला तर १६० मायक्रोस्ट्रेन, त्यात पहिल्या रात्रीचं आकुंचन ८० धरलं, एकूण २४०. नुसत्या जोरकस वाळण्यानेही इतकं होतं, पण त्याला आठवडे लागतात आणि तोवर क्रीप, म्हणजे ताणाखाली काँक्रीटचं हळूहळू सैलावणं, मदतीला येतो. इथे ते एका रात्रीत झालं.

पुढचं माझं कच्चं गणित आहे, तेवढ्याच विश्वासाने घ्यावं. त्या वयाच्या काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक १५ गिगापास्कल, जुन्याचा ३०. खालचा स्लॅब थोडा साथ देतो म्हणून रोध (आकसण्याला होणारी अडवणूक) ८४ टक्के. गुणाकार केला की ३ मेगापास्कल. क्रीपने निम्मं सुटलं असं मानलं तर १.५ उरतो. गुणिले ७५ मिमी, म्हणजे कडेच्या दर मीटरला ११२ किलोन्यूटन, दर मीटरला सुमारे अकरा टनांची ओढ. ती १५० मिमी लांबीत उतरवायची तर सरासरी सरक ०.७५ मेगापास्कल, आणि टोकाला याच्या कितीतरी पट. कड उचलणारा मोमेंट (वळवणारा जोर) मीटरला ४.२ किलोन्यूटन-मीटर, तो पेलायला अगदी कडेवर २ मेगापास्कलच्या आसपास उभा ताण लागतो. अठरा तासांच्या बॉण्डची ताकद १ मेगापास्कलही धरवत नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या अर्ल फेल्ट यांनी १९५६ साली पुरेशा बॉण्डचा जो ठोकताळा दिला तो २०० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे १.४ मेगापास्कल सरक, आणि वाहतुकीने येणारी सरक त्याहून बरीच कमी असते. बॉण्डची खरी कसोटी पहिल्या रात्री लागते, एकही वाहन न येता.

हा हिशेब बैठकीत मांडला तेव्हा एकाने योग्य शंका काढली. पहिल्या दिवशीही रात्र झालीच ना? झाली. पण पहाटेचा माल थंड स्लॅबवर पडला, सकाळी दहा-अकराच्या हवेत घट्ट झाला, आणि पुढे दुपारी आणखी थोडा फुललाही. रात्री तो जेवढा निवला त्यातला बराच भाग हा आधी मिळालेला दाब परत करण्यात गेला. कोणत्या तापमानाला काँक्रीट घट्ट होतं, तिथून त्याचा जमाखर्च सुरू होतो.

एवढ्याने मोकळी कड समजते. जॉइंटचे पट्टे मात्र जास्त रुंद होते, आणि तिथे आणखी काहीतरी होतं.

जॉइंटवरच कोअर घेतला तेव्हा ते दिसलं. कापाची रेघ वरून ३८ मिमी खाली सरळ गेली आणि थांबली. तिथून एक वेडीवाकडी भेग तिरपी निघाली, जुन्या जॉइंटपासून ३० मिमी बाजूला इंटरफेसला भेटली, आणि मग इंटरफेसवरूनच आडवी चालत जुन्या जॉइंटपर्यंत गेली. बॉण्डेड ओव्हरलेमध्ये आडवा जॉइंट थराच्या पूर्ण जाडीइतका कापून वर साधारण १२ मिमी जुन्यात उतरवतात, जुन्या जॉइंटच्या अगदी डोक्यावर. नव्या स्लॅबला तिसरा हिस्सा कापायची सवय इथे घातक ठरते. इथे मात्र सवय आड आली नव्हती. मुकादमाला विचारलं तर तो लगेच बोलला.

"साहेब, मोठं कटिंग मशीन संध्याकाळीच बसलं. रात्री दुसरं आणलं, त्याची पातीच लहान. त्याच्यावर चाळीसच्या खाली जात नव्हतं. मी सांगितलं होतं."

"कोणाला?"

तो हसला. मी पुढे विचारलं नाही.

पहिल्या जॉइंटचा काप माल पडल्यानंतर अकराव्या तासाला झाला होता, शेवटचा अठराव्या. पहिल्या दिवशी सातव्या-आठव्या तासाला सगळे झाले होते, ९० मिमी खोल. दुसऱ्या रात्री खालचा स्लॅब ९ अंश निवल्यावर ४.५ मीटरमागे जुना जॉइंट सुमारे ०.४ मिमी उघडला. त्याच्या डोक्यावर ३५-४० मिमी काँक्रीट अजून अखंड होतं. ०.४ मिमी ताणून घ्यायला त्याला लांबी हवी, आणि ती मिळवायचा एकच मार्ग, खालून सुटणं. थोडं सुटल्यावर ते तुटलंही, पण तोवर पट्टा पडून गेला होता. पुढच्या दिवशी ऊन चढल्यावर जुना जॉइंट मिटू लागला तेव्हा वाकड्या भेगेची तोंडं एकमेकांवर नीट बसली नसणार आणि सुटलेल्या ओठांना आणखी वर रेटलं गेलं असणार. हा शेवटचा भाग माझा अंदाज आहे. कोअरमध्ये भेगेच्या तोंडाशी चुरा सापडला, एवढाच त्याला पुरावा.

कडेच्या जवळ, पण अजून चिकटलेल्या भागात नव्याने पुल-ऑफ घेतल्या. दुसऱ्या दिवसाच्या पॅनेलमध्ये मध्यात १.५ च्या आसपास आणि पट्ट्याच्या सीमेवर ०.६ ते ०.८. पहिल्या दिवसाच्या पॅनेलमध्ये मध्यात १.८ आणि कडेपासून १०० मिमीवर १.६. तापलेल्या, कोरड्या पृष्ठभागाने बॉण्ड थोडा अशक्त केला होता हे नाकारता येत नाही. पण सगळीकडे सारखाच अशक्त झालेला बॉण्ड फक्त कडेला सुटला, याचं उत्तर सफाईत मिळत नाही.

राहिली तिसऱ्या दिवसाची पाच पॅनेल. ती वेगळीच भानगड होती. तिथे बद्द आवाज चाकांच्या पट्ट्यात, मधोमध होता. कोअर उलटा केला तर तळाला जुन्या स्लॅबचा २-३ मिमीचा थर चिकटून आला होता, त्यात फुटलेली खडी, आणि भिंगातून तिच्यात बारीक आडव्या चिरा. मिलिंगच्या (ओव्हरलेआधी जुना पृष्ठभाग खरवडणाऱ्या यंत्राच्या) दातांनी जुनं काँक्रीट वरून खिळखिळं केलं होतं. इतर ठिकाणी मिलिंगनंतर शॉट ब्लास्टिंगने हा दुखावलेला थर निघून गेला; या पाच पॅनेलना ते मिळालं नाही, फक्त झाडून घेतलं. बॉण्ड इथे पक्का होता, पण ज्याला धरलं तेच सुटं होतं. देखरेखीच्या सल्लागाराचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर निघालं, आणि त्यांनी ते लगेच बाकीच्या २९ पॅनेलना लावायचा प्रयत्न केला.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त वाद पट्टे काढायचे की भरायचे यावर झाला. २०० मिमीचा पट्टा कापून नवं काँक्रीट भरणं ऐकायला सोपं वाटतं. पण कापलेल्या ठिकाणी ओव्हरलेला नवी कड मिळते, आणि भरलेला चिंचोळा तुकडा स्वतः आकसतो, त्याच्या दोन्ही बाजू कडाच. मी पट्टा न कापता सुटलेल्या फटीत एपॉक्सी भरण्याच्या बाजूने होतो. आधी सगळे जॉइंट पूर्ण खोल कापले. ते न करता एपॉक्सी भरली असती तर पुढच्या थंड रात्री परत तेच. मग पहाटे, पृष्ठभाग तळापेक्षा थंड असताना, कोपरे वर वळलेले आणि फट सगळ्यात उघडी असते त्या वेळी, पातळ एपॉक्सी कमी दाबाने सोडली. दाब जास्त झाला तर सुटलेली जागा वाढते, म्हणून पंपावर कोणाला बसवायचं ते मी स्वतः ठरवलं. जॉइंटमध्ये ती उतरू नये म्हणून आधी तोंडं बुजवली होती. २९ पैकी २३ पॅनेल अशी भरली. ज्यांचा निम्म्याहून जास्त भाग सुटला होता किंवा मधे भेग गेली होती अशी सहा, आणि मिलिंगवाली पाच, पूर्ण काढून पुन्हा टाकली. तोडताना जड ब्रेकर वापरू दिला नाही, नाहीतर जुन्या स्लॅबची तीच खिळखिळ परत ओढवली असती.

आतल्या लेनच्या कामाआधी पद्धतीत काही ओळी बदलल्या. सकाळी आठनंतर माल घ्यायचा नाही. गाडी उशिरा आली तर परत. बाष्पीभवनाचा आकडा दर तासाला वहीत. कंपाउंड दोन हात, आणि फॉर्म काढल्याबरोबर उभी बाजू. दोन चालू कटिंग मशीन साइटवर, पातीचा व्यास माल येण्यापूर्वी टेपने मोजून. निम्म्या पुल-ऑफ चाचण्या कडेपासून १०० मिमीवर. साखळी दुसऱ्या आणि सातव्या दिवशी. पहिल्या ओळीवर कंत्राटदाराने बराच आरडाओरडा केला. मी म्हटलं, दोन गाड्या परत गेल्या तरी चालतील.

एकच गेली.

पाच महिन्यांनी भरलेल्या पॅनेलवरून पुन्हा साखळी ओढली. बावीस पॅनेलमध्ये नवा बद्द आवाज नव्हता. एका कोपऱ्यातला त्रिकोण ३५० वरून ४२० मिमीवर गेला होता. तिथे एपॉक्सीसाठी घेतलेल्या छिद्रांमधलं एक कोरडंच राहिलं होतं, हे नोंदीत होतं आणि त्या पहाटे माझ्या नजरेतून सुटलं होतं. तो कोपरा खडूने पुन्हा आखला, शेजारी तारीख लिहिली.